फुलांच्या प्रदर्शनात पानांचा थाट

मंडळी, जानेवारी महिना सरत आला की पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. २६ जानेवारीच्या आगेमागे. हवेत गारवा असतो, सुट्टी असते, त्यामुळे माणसांची नुसती रीघ लागते. पुण्यात मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेली आपल्याकडची मंडळीही नातवंडांचे बोट धरून तिथे चक्कर मारून येतात. गुलाब बघतात, डेलिया बघतात, शेवंतीचे घमेल्याएवढे गेंद बघतात आणि गावी आल्यावर पारावर सांगतात, "लई फुलं होती बुवा!"

पण त्याच प्रदर्शनात एक भाग असा असतो, जिथे फूल औषधालासुद्धा सापडत नाही. नुसती पाने. कुठे हाताच्या पंजासारखी फाटलेली, कुठे पांढऱ्या शिंतोड्यांची, कुठे तलवारीसारखी उभी, तर कुठे वेणीसारखी खाली सोडलेली. कुंड्या, बरण्या, टोपल्या, टांगलेल्या दोऱ्या. घरात ठेवायच्या झाडांची ही मांडणी. फुलांच्या दरबारात पानांनी मांडलेला हा थाट बघायला गर्दी काही कमी नसते.

आज त्या कोपऱ्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर ही शहरी हौस कशाला? तर दिवाणखान्यात दिसणारे हे झाड दिवाणखान्यात वाढलेले नसते. ते कुणाच्या तरी शिवारात, कुणाच्या तरी हिरव्या जाळीखाली वाढलेले असते. हौस शहराची असली तरी घाम खेड्याचा आहे. आणि त्या घामाला किती दाम मिळतो, हे पुष्कळदा मांडणीवर ठरते.

सैनिकांच्या बागेपासून

आधी थोडा इतिहास. एम्प्रेस गार्डन ही पूर्वी सैनिकांची बाग म्हणून ओळखली जायची. पुढे व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून किताब घेतला आणि तिच्या नावाने ही बाग 'एम्प्रेस' झाली. सुमारे ३९ एकरांचा हा परिसर अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. संस्था १८३० सालची, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांची. प्रदर्शनात फुले असतात, पुष्परचना असतात, बोन्साय असतात, शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा असतात. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिका असेच प्रदर्शन भरवते. बंगळूरच्या लालबागेत तर वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला, काचघरात फुलांचा सोहळा असतो.

गंमत बघा, जगातले सगळ्यांत गाजलेले पुष्पप्रदर्शनही सैनिकांच्याच अंगणात भरते. लंडनमधले चेल्सीचे प्रदर्शन १९१३ पासून तिथल्या रॉयल हॉस्पिटलच्या मैदानावर भरते. नावात हॉस्पिटल असले, तरी ही जागा म्हाताऱ्या निवृत्त सैनिकांच्या निवाऱ्याची. एरवी हे प्रदर्शन मे महिन्यात असते. करोनामुळे २०२० साली ते मैदानावर भरलेच नाही आणि २०२१ साली ते पहिल्यांदाच सप्टेंबरात भरले. त्याच वर्षी तिथे घरातल्या झाडांसाठी स्वतंत्र वर्ग सुरू झाला. छोट्या छोट्या लाकडी खोल्या उभ्या केल्या आणि रोपे विकणाऱ्यांना सांगितले, ही खोली घ्या आणि झाडांनी सजवून दाखवा.

म्हणजे जे झाड शंभर वर्षे फुलांच्या मांडवात पाठीमागची हिरवी भिंत म्हणून उभे होते, त्याला स्वतःची खोली मिळाली. कारणही सरळ आहे. करोनाच्या काळात माणसे घरात कोंडली गेली आणि चार भिंतींत हिरवे काहीतरी असावे असे कित्येकांना वाटू लागले. ती आवड टिकली. आपल्याकडच्या शहरांतही तेच झाले.

अळूचे भाऊबंद

आता या पाहुण्या झाडांची ओळख करून घ्या. नावे इंग्रजी असली तरी नाती ओळखीची निघतात. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, डिफेनबेकिया ही सगळी तुमच्या परसातल्या अळूची आणि बांधावरच्या सुरणाची भावंडे. एकच कूळ. नीट बघितलेत तर पानाचा घाटही सांगतो. आणि एक खोडही सारखीच आहे. अळूची भाजी करताना आपण चिंच का घालतो? घशाला खाजू नये म्हणून. ती खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांनी येते, तेच स्फटिक या झाडांच्या पानांत असतात. डिफेनबेकियाचे पान लहान मुलाने चावले तर तोंड सुजते, बोलता येत नाही. म्हणून रांगते मूल असलेल्या घरात ती कुंडी उंचावर ठेवावी आणि गोठ्याजवळ तर ठेवूच नये. शेळी काय, दिसेल त्याला तोंड लावते.

स्पायडर प्लांट म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचे जे झाड टांगलेले दिसते, ते आपल्या सफेद मुसळीचे चुलतभावंड. मुसळीच्या शास्त्रीय नावात तर चक्क बोरिवलीचे नाव आहे. रबराचे झाड म्हणून जे चकचकीत जाड पानांचे रोप कोपऱ्यात उभे असते, ते वडा-पिंपळाच्या गोत्रातले, मूळचे ईशान्येकडच्या जंगलातले. मेघालयात ओढ्यांवर जिवंत मुळांचे जे पूल आहेत, ते याच झाडाचे. जे झाड माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर घेऊन नदी पार करवते, ते इथे दहा इंची कुंडीत निमूट उभे असते.

आणि मनीप्लांट? हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मुरेआ बेटावरचा. आज तो सगळ्या जगात आहे, पण त्याला फूल म्हणून येत नाही. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. फूल येण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे संजीवक त्याच्या अंगात पुरेसे तयार होत नाही, हे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. म्हणजे बघा, जगातले बहुतेक मनीप्लांट हे बी न पडता, नुसत्या कांड्या खोवत खोवत इथवर आले. फुलांच्या प्रदर्शनात मान मिळवणारे हे झाड स्वतः कधी फुलतच नाही!

ही झाडे घरात कशी जगतात, याचे उत्तर त्यांच्या माहेरी आहे. यातली बरीचशी दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. वरून गाळून आलेल्या उन्हाची त्यांना सवय. मोठी पाने, गडद हिरवा रंग, ही त्या कमी उजेडाशी केलेली तडजोड. पण एक लक्षात ठेवा, कमी उजेड म्हणजे अंधार नव्हे. घरात वाढायला जन्मलेले झाड जगात एकही नाही. घरात तग धरणारी झाडे आहेत, इतकेच.

मांडणी कशाला म्हणावी

दहा चांगल्या कुंड्या ओळीने मांडल्या की ते रोपवाटिकेचे दुकान झाले, प्रदर्शन नव्हे. बक्षीस मिळवणारी मांडणी नीट बघा. मागे उंच झाड, मध्ये मध्यम, पुढे पसरणारे किंवा लोंबणारे. देवघरात समई, निरांजन, पणती जशी उंचीने लावतो, तसेच. मोठ्या पानाशेजारी बारीक पान, गडद हिरव्याशेजारी पोपटी किंवा लालसर. मॉन्स्टेराच्या रुंद फाटक्या पानाला नेच्याच्या नाजूक झालरीची सोबत दिली की दोन्ही उठून दिसतात. आणि मध्ये थोडी मोकळी जागा. नवख्यांची चूक हीच होते. आणलेले सगळे मांडायचा मोह आवरत नाही.

अलीकडे जपानी पद्धतीचा एक प्रकार फार दिसतो, कोकेदामा. कुंडीच नाही. मुळांभोवती मातीचा लाडू वळायचा, वरून शेवाळ गुंडाळायचे, सुतळीने बांधायचे आणि टांगायचे किंवा बशीत ठेवायचे. दुसरा प्रकार काचेच्या बरणीतल्या बागेचा. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडनमध्ये वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेचे लावायची हौस, पण कोळशाच्या धुराने झाडे मरायची. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली. पतंगाचे राहिले बाजूला, त्या बंद बाटलीत नेचा उगवला आणि पाणी न घालता जगला. आतलेच पाणी वाफ होऊन काचेला लागायचे आणि पुन्हा मातीत उतरायचे. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे जहाजाने लंडनहून थेट सिडनीला पाठवली आणि ती धडधाकट पोचली. पुढे अशाच पेट्यांतून चहाची हजारो रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली. तेव्हा प्रदर्शनातली ती बरणी बघाल तेव्हा पोरखेळ म्हणून सोडून देऊ नका. आपल्या सकाळच्या चहाशी तिचे नाते आहे.

आणि आता आपल्या घरातले बघा. शहरातले हौशी लोक जुन्या वस्तू शोधत फिरतात. पितळेचे घंगाळ, तांब्याचा बंब, फुटका रांजण, दुरडी, सुपली, कंदील, बैलगाडीचे चाक. अशा वस्तूंत झाडे मांडली की मांडणीला घरपण येते. आपल्याकडे या वस्तू माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतात आणि भंगारवाला किलोवर नेतो. घंगाळाला भोक मात्र पाडू नका. झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवून ती कुंडी घंगाळात बसवायची. पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की परत आत. भांडेही वाचते आणि झाडही.

परीक्षक मात्र घंगाळाला गुण देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ते आधी झाड बघतात. पान कुरतडलेले आहे का, टोके करपली आहेत का, पानामागे पांढरा ढेकूण लपला आहे का, कुंडीच्या मानाने झाड फार मोठे किंवा फार लहान आहे का. झाड काही महिने स्पर्धकाच्या स्वतःच्या सांभाळात असले पाहिजे, अशी अटही पुष्कळ ठिकाणी असते. काल विकत आणून आज मांडले, असे चालत नाही. पाने चमकावीत म्हणून काही जण खोबरेल तेल चोळतात. दोन दिवस चमक येते, पण पानाची श्वासाची छिद्रे बुजतात आणि धूळ चिकटते. ओल्या मऊ फडक्याने पुसले की पुरे.

तीन दिवसांचा नवरदेव

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. प्रदर्शनातले झाड हे तीन दिवसांचा नवरदेव असते. मांडवात अंधाऱ्या कोपऱ्यातही ते झोकात दिसते, कारण चौथ्या दिवशी ते परत जाळीखाली जाणार असते. बघणाऱ्याला वाटते, आपल्याही जिन्याखाली असेच दिसेल. तो झाड विकत नेतो, जिन्याखाली ठेवतो, रोज पाणी घालतो आणि दोन महिन्यांत झाड जाते. घरातली झाडे पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा पाणी पाजून पाजून जास्त मरतात. उजेड कमी असला की झाडाची तहानही कमी असते, माती ओली राहते आणि मूळ कुजते. बोट दोन पेरे मातीत घालून बघावे. कोरडे लागले तरच पाणी. इतके साधे आहे, पण विकणारा सांगत नाही.

दुसरी गोष्ट, फलकांवर लिहिलेले असते, 'हे झाड घरातली हवा शुद्ध करते'. याचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या एका प्रयोगात आहे. पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत केलेला होता. आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असे सगळे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसले की खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे, तर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारापर्यंत झाडे लागतील. म्हणजे माणसाने बाहेर झोपायचे आणि घरात झाडांनी राहायचे! झाड डोळ्यांना बरे वाटते, मनाला बरे वाटते, हे खरे आहे आणि ते पुरेसेही आहे. खोटे सांगून विकायची गरज नाही.

हे सगळे रोपे वाढवणाऱ्याच्या पोटाशी निगडित आहे. झाड मेले की गिऱ्हाईक म्हणते, आपल्या हाताला झाड लागत नाही. ते परत येत नाही. तुटते ते एक गिऱ्हाईक नव्हे, पुढच्या दहा कुंड्या तुटतात.

आपल्या शिवाराचा वाटा

पुणे-सोलापूर रस्त्याने कधी गेलात तर लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात दोन्ही बाजूंना रोपवाटिकाच रोपवाटिका दिसतात. १९९० साली राज्यात रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांची मागणी वाढली, ती या धंद्याला मोठा आधार देऊन गेली. पण घरातल्या शोभेच्या झाडांचे बोलाल, तर आजही आपल्याकडच्या बाजारात आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरून रोपे येतात. तिथली हवा दमट, गोदावरीचे पाणी हाताशी. गोदावरी उगम पावते आपल्या त्र्यंबकेश्वरला आणि तिच्या पाण्यावर वाढलेली रोपे आपण विकत घेतो तिच्या मुखाकडून!

मग आपण काय करावे? उगाच उडी मारू नका. ऊस मोडून रोपवाटिका काढा असे कोणी सांगत असेल तर त्याला दुरून नमस्कार करा. जाळी, कुंड्या, मजुरी यांत पैसा आधी जातो आणि गिऱ्हाईक मागाहून येते. कधी कधी येतही नाही. पण घराच्या पूर्वेला किंवा आंब्याखाली सावलीचा तुकडा असेल, तर बचत गटाच्या चार बायकांनी मिळून लहान सुरुवात करायला हरकत नाही. मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, साप-पट्टा म्हणून ओळखले जाणारे सॅन्सेव्हेरिया, ही कांडीवर किंवा फुटव्यावर वाढणारी झाडे. बियाण्याचा खर्च नाही.

चार गोष्टी सांभाळा. एक, आपली काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ओली असता ती चिकटते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेले कोकोपीट किंवा भाताचे तूस आणि थोडी वाळू. दोन, बोअरचे खारे पाणी या झाडांना मानवत नाही. पानांची टोके जळतात, कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरते. पत्र्यावरचे पावसाचे पाणी पिंपात साठवा. तीन, पिवळ्या काठाचे सॅन्सेव्हेरिया पानाचा तुकडा लावून वाढवू नका. नवे झाड साधे हिरवे निघते आणि भाव पडतो. गड्डा फोडून, फुटवा काढूनच लावा. चार, थंडीत ही झाडे जवळजवळ थांबतात. जानेवारीच्या प्रदर्शनात मांडायचे असेल तर कांडी आषाढात लागली पाहिजे. दिवाळीनंतर घाई करून उपयोग नाही.

आणि विकताना नुसते रोप विकू नका, मांडणी विका. बुरूडआळीतून विणून घेतलेली दुरडी, कुंभाराकडचे वेगळ्या घाटाचे मडके, त्यात तीन झाडांचा मेळ आणि सोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी. उजेड किती, पाणी कधी, लहान मुलांपासून दूर ठेवायचे का. यात बुरडाला काम मिळते, कुंभाराला मिळते आणि झाड जगल्यामुळे गिऱ्हाईकही टिकते.

डोंगर मात्र ओरबाडू नका

शेवटी एक विनंती. काहीतरी वेगळे मांडायच्या नादात सह्याद्रीतली आमरे, नेचे, शेवाळ पोत्याने ओरबाडून आणले जाते. शेवाळाचा गालिचा धरायला वर्षे लागतात आणि मांडणी तीन दिवसांत मोडते.

आपल्या डोंगरांत शिंदळमाकुडी नावाची एक वनस्पती आहे. जाड पानांची, कड्याच्या कपारीत वाढणारी, तांबड्या-पिवळ्या चांदणीसारखे फूल येणारी. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठे वाढत नाही. १८६५ साली डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. कड्यावर ती आता फार थोडी उरली आहे. पण कांडीवर ती सहज वाढते. रोपवाटिकेत वाढवलेल्या कांडीवरून केलेली तिची कुंडी प्रदर्शनात मांडली, तर परदेशी झाडांच्या गर्दीत आपली लेक उठून दिसेल. कड्यावरून उपटून आणली, तर मात्र ते बक्षीस नव्हे, चोरी.

तेव्हा वाचकहो, पुढच्या जानेवारीत प्रदर्शनाला जाल तेव्हा फुले बघाच, पण पानांच्या कोपऱ्यातही थांबा. झाड कुठून आले, कोणी वाढवले, असे विचारा. आणि तोवर हात रिकामे ठेवू नका. पानफुटीचे एक पान ओल्या मातीवर नुसते टेकवून ठेवा. काठाकाठाला रोपे फुटतील. धंदा पुढचा पुढे, पण झाड कसे जगते हे त्या एका पानाइतके स्वच्छ दुसरे कोणी शिकवणार नाही.